काकांचा मिनोल्टा, लॅमिंग्टन रोड आणि 220 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर

काकांनी 1985 ला मस्कतहून येताना मिनोल्टा एक्स-700 हा रोलवाला कॅमेरा आणला होता, आमच्या घरातली लग्नं, मुंजी, गणपती सगळं त्याच्यावरच निघालंय. कितीतरी वर्षं कपाटात पडून होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत काढला, नवे सेल टाकले, बटण अर्धं दाबलं तर व्ह्यूफाइंडरमधे प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा लाल दिवा लागला, म्हटलं चला जीव आहे अजून. पण पूर्ण दाबलं की दिवा विझतो आणि शटर पडतच नाही, रोल पुढे न्यायचा लिव्हरही जागच्या जागी अडकलेला. इथे नाशकात एका रिपेअरवाल्याला दाखवला, तो म्हणाला सर्किट गेलंय, आता शोकेसमधे ठेवा. मला ते पटेना, कारण सर्किट गेलं असतं तर मीटर कसा चालला असता?

थोडं वाचल्यावर कळलं की या मॉडेलचा हा नेहमीचा आजार आहे. शटर सोडायला आत एक चुंबक असतो, तो एक खिटी धरून ठेवतो. बटण दाबलं की बेसप्लेटखालचा (तळाच्या झाकणाखालचा) एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, साठवलेला चार्ज एका झटक्यात त्या चुंबकाच्या कॉइलमधे सोडतो, पकड सुटते, शटर पडतं. हा इलेक्ट्रोलायटिक जातीचा, म्हणजे आत ओलं रसायन असलेला कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून सुकतो, झटका कमी पडतो आणि खिटी काही हलत नाही. एक्स-700 ला सेलशिवाय चालणारा एकही शटर स्पीड नाही, त्यामुळे दहा-वीस रुपयांच्या पार्टपायी अख्खा कॅमेरा ठप्प. पार्ट काय, तर 220 मायक्रोफॅरड (ही त्याची साठवण्याची क्षमता), 4 व्होल्ट. नाशकात 220 मिळत होता पण सगळे जाडजूड, म्हणून शनिवारी मुंबईसाठी पंचवटी एक्सप्रेस पकडली.

दादरला उतरून वेस्टर्नची स्लो लोकल, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला बाहेर पडायचं, पाच-दहा मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानांचा रस्ता. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगा. अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही, दुकानांचे शटर वर जायचे असतात, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद.

पहिल्या दुकानात मी नुसतं "220 मायक्रोफॅरड" म्हटलं, त्याने विचारलं किती पीस आणि 16 व्होल्टचे काढून दिले. व्होल्टेज जास्त असलं तर चालतं, कमी नको, हे मला माहीत होतं, म्हणून घेऊन निघालो. बाहेर फुटपाथवर बॅगेतून कॅमेरा काढून शेजारी धरला तर तो इतका उंच की बेसप्लेट बसलीच नसती. तेव्हा जुन्या कपॅसिटरचा व्यास आणि लांबी मिलिमीटरमधे मोजून कागदावर लिहून न्या, जमलं तर कॅमेराच न्या. आकडे तिथे कोणीही समजून घेतो, जागा किती आहे ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. दोन दुकानं सोडून एका वयस्कर शेटनी शांतपणे कॅमेरा बघितला आणि टँटलम जातीचा छोटा कपॅसिटर काढून दिला, 6.3 व्होल्ट, पिवळा चपटा, वर 227 छापलेलं. 227 म्हणजे 22 वर सात शून्य पिकोफॅरड, म्हणजेच आपले 220 मायक्रोफॅरड. सुटे कमी देत नव्हते म्हणून दहा घेतले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साध्या इलेक्ट्रोलायटिकवर पट्टी असते ती मायनसची, टँटलमवर पट्टी असते ती प्लसची!! उलटा लावलात तर टँटलम जळतो, शेजारचं सर्किटही घेऊन जाऊ शकतो. जुना काढायच्या आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा.

तिथेच जेआयएस (जपानी मापाचा) स्क्रू ड्रायव्हर पण घ्या. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूला साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही, निसटतो आणि स्क्रूचं डोकं खराब करतो. वेळ उरला म्हणून टॅक्सीने सीएसएमटीसमोर बोराबाजारला गेलो, फोटोवाल्यांची जुनी गल्ली, तिथे एक रोल घेतला. जुन्या कॅमेऱ्यांच्या बॉडी बघायच्या तर चोरबाजार लॅमिंग्टन रोडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतो.

रविवारी घरी काम केलं. आधी सेल काढायचे. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते म्हणून ज्या जागी होते त्याच क्रमाने टेपवर चिकटवले. सोल्डरिंग गन टेकवली की दोन-तीन सेकंदांत उचलायची, खालचं लवचिक सर्किट जास्त उष्णतेने सुटून येतं आणि मग खरंच कॅमेरा गेला. टँटलमला लहान पाय जोडून, वर इन्सुलेशन टेप लावून बसवला. सेल टाकले, बटण दाबलं, आणि तो आवाज! काकांना हाक मारली, त्यांनी काही न बोलता सात-आठ वेळा लिव्हर ओढला आणि शटर मारलं, मग म्हणाले, "रोल भर."

एक सांगायचं राहिलं, फ्लॅश आतच असलेला छोटा कॅमेरा असा उघडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमधे सेल काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो, ते काम जाणकारालाच द्या. आणि कपॅसिटर बदलूनही एक्स-700 चालला नाही तर चुंबकाच्या टोकावर मळ असू शकतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कागदाने हलकेच पुसून बघा. वरच्या कव्हरखाली अजून एक कपॅसिटर आहे, पण खालचं सगळं तपासल्याशिवाय तिकडे हात घालू नका.

माझ्याकडे नऊ पीस उरलेत. कोणाचा एक्स-700 किंवा एक्स-300 असाच अडला असेल आणि नाशकात असाल तर घेऊन जा.