‘पुढं काय झालं, सिस्टर?’

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक गेली १८ वर्षं मिरज जंक्शनवर कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीच्या दारात उभा आहे. गाडी हलली आहे. नायिका फलाटावर उभी, हातात त्याच्या आईची नव्या कराराची जुनी पुस्तिका. तिथंच पुस्तक संपतं आणि खाली छापलेलं आहे, ‘भाग पहिला समाप्त’. दुसरा भाग कधी निघालाच नाही.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर तरुण संघातल्या एका मुलीनं मला पायऱ्यांवर गाठलं. माझं नवं पुस्तक तिनं दोन रात्रींत संपवलं होतं. “काकू, सलाम. दुसरा भाग कधी?” मी म्हटलं, दुसरा भाग नाही गं, ती गोष्ट तिथं पुरी झाली. तिचा चेहरा पडला. “मालिका करायची ना काकू. आत्ता कुठं त्या दोघांची ओळख झाली होती.” आठवडाभर तिचं ते वाक्य मनात घोळतंय, कारण त्याची दुसरी बाजू मला एका आजारी बाईंनी फार पूर्वी दाखवलेली आहे.

आधी त्या पहिल्या पुस्तकाचं सांगते. तीन बहिणींची गोष्ट तीन भागांत लिहायची असं ठरवलं होतं. काळ १९७० च्या आसपासचा, गाव मिरज. मोठीचं लग्न ठरतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी सूचना वाचतात: अमक्यांचा मुलगा, तमक्यांची मुलगी, या विवाहास कोणाची हरकत असल्यास कळवावे. ते वाचून झाल्यावर देवळात क्षणभर जी शांतता पसरते, ती ज्यांच्या घरात लग्न असतं त्यांना विचारा. कोणी नुसतं खोकललं तरी पोटात गोळा येतो. माझ्या गोष्टीत दोन रविवार सूचना वाचून होते आणि तिसरा रविवार यायच्या आत मुलगा कोणालाही काही न सांगता गाडीत बसतो. प्रकाशक म्हणाले होते, पहिला भाग असा तोडा की वाचक दुसऱ्यासाठी धावत आला पाहिजे. मी तसा तोडला. ५०० प्रती खपायला तीन वर्षं लागली, तोवर त्यांनी हे कामच बंद केलं, आणि मोठीच्या लग्नाची तिसरी सूचना माझ्या वहीत राहिली.

मी तेव्हा नर्स होते, आता नुकतीच निवृत्त झाले. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. निम्म्या कर्नाटकातून माणसं इथं येतात आणि इथल्या ख्रिस्ती घरांत एक तरी नर्स सापडतेच. माझ्या वॉर्डात तासगावकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, मांडीचं हाड मोडलेलं, पाय ताणून बांधलेला, पलंगाच्या कडेवरून वजनं लोंबत होती. हलता येईना, म्हणून सुनेनं चर्चच्या स्टॉलवरून एक पुस्तक आणून दिलं होतं. ते माझं निघालं. माझ्या छातीवरचं नाव आणि मुखपृष्ठावरचं नाव त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा ताडून बघितलं. “ही तूच का गं? मग पुढं काय झालं, सिस्टर?”

पहाटे तीनचं ब्लडप्रेशर घेऊन झालं होतं, वॉर्ड शांत होता. मी स्टूल ओढलं आणि सांगायला लागले. मुलाच्या आईला कुष्ठरोग झालेला असतो. ती बरी झालेली असते, पण बोटं गेलेली, म्हणून ती लग्नाला येणारच नाही म्हणते. आपल्या आईवरून तिसऱ्या रविवारी कोणी तरी उठून उभा राहील, ही भीती मुलाला खाते. म्हणून तो तिला आणायला जातो. तिसऱ्या रविवारी आईचा हात धरून देवळात येतो, तिला सगळ्यांत पुढच्या बाकावर बसवतो, आणि सूचना वाचली जाते तेव्हा मायलेक दोघं ताठ बसलेले असतात. सगळं सांगायला वीस मिनिटं लागली असतील.

बाई बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढंच होतं तर तिथंच का नाही लिहिलंस? मी तीन दिवस त्या पोराला शिव्या घालतेय. पळपुटा म्हटलं त्याला. इतका गुणी पोरगा, आणि तू माझ्याकडून त्याला शिव्या घालवल्यास.”

त्या पाय बरा होऊन घरी गेल्या. मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिले. एका चांगल्या माणसाची मी ५०० घरांत बदनामी केली होती, आणि तीही पुढचा भाग खपावा म्हणून. प्रेमकथेत वाचक आपल्यावर विश्वास टाकून पात्रांना जीव लावतो. ख्रिस्ती प्रेमकथेत तर आपण देवाच्या नावानं लिहितो. मग शेवटच्या पानावर खरी गोष्ट दाबून ठेवायची आणि तिला उत्कंठा म्हणायचं, हे माझ्या मनाला आजही डाचतं.

हे सगळं असूनही मालिका मला फार आवडतात. त्याला कारण माझी आत्या.

सांगलीत हरभट रोडच्या मागं आत्याचं भाड्याचं घर होतं. तिच्याकडे जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या मालिकेची आठही इंग्रजी पुस्तकं होती, पहिलं १९७९ सालचं. आत्या दुपारी वाचायची आणि संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता आम्हाला मराठीत सांगायची. तिच्या तोंडी मार्टी ही ‘मार्टीवहिनी’ आणि क्लार्क हे ‘क्लार्कभाऊजी’. मार्टीवहिनी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडं निघते, आणि वाटेतच तो मरतो. पोटात मूल, गाव परकं. त्याच दिवशी क्लार्क, ज्याची बायको वारली आहे आणि पदरी लहान मुलगी आहे, तिला लग्नाचं विचारतो. म्हणतो, मुलीला आई हवी, तुला छप्पर हवं, वसंत ऋतूत परत जाणारी गाडी निघेल तेव्हा तुला जायचं असेल तर भाडं मी देईन. आत्या इथं थांबायची आणि म्हणायची, “बघा, लग्न आधी झालं. आपल्यासारखंच.”

आमच्या पिढीतल्या बहुतेकींचं असंच झालं. पाळकांच्या ओळखीनं स्थळ आलं, चहा झाला, तीन रविवार सूचना वाचली आणि प्रेम जे काय ते नंतर, कुकर-गॅस-आजारपण यांच्या मधून मधून. म्हणून ती गोष्ट परक्या देशातली असूनही आमच्या माजघरात चपखल बसली. आणि मालिका असल्यामुळं ती लग्नाशी थांबली नाही. पुढं क्लार्कचा पाय कापावा लागतो. ते ऐकताना आत्याचे यजमान, ज्यांना मधुमेहानं पायाचा अंगठा गमवावा लागला होता, पेपर खाली ठेवून ऐकत होते, हे मला आजही दिसतं. माणूस देखणा आहे, घोड्यावर बसतो, तोवर प्रेम लिहिणं सोपं. तोच माणूस चार पुस्तकांनंतर कुबडी घेऊन गोठ्यात जातो तेव्हा मार्टीच्या डोळ्यांत जे असतं, त्यासाठी मागं चार पुस्तकांचा सहवास लागतो. एकाच कादंबरीत ते बसवायला गेलं की घाईचं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली तेव्हा आत्याच्या घरात माणूसभर पाणी होतं. कपाटाचा खालचा कप्पा गेला, त्यात पहिली चार पुस्तकं. आम्ही ती उन्हात वाळवली, पण पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. उरलेली चार माझ्याकडे आहेत, आणि तीच मी त्या तरुण संघातल्या मुलीला मागं वाचायला दिली होती. तिनं पाचव्यापासून सुरुवात केली आणि तिचं कुठंच अडलं नाही. मागचं काय ते दोन-चार ओळींत कळत गेलं, आणि प्रत्येक पुस्तकातलं त्या पुस्तकात मिटलं. अशी मालिका मला मान्य आहे. आपल्याकडे पुस्तकं क्रमानं मिळतात कुठं? कोणी चौथं भेट देतं, दुसरं स्टॉलवर संपलेलं असतं, पहिलं कोणी तरी वाचायला नेऊन परत दिलेलं नसतं.

मालिकेत मला एक गोष्ट फार खटकते, आणि ती आमच्याच प्रकारच्या लिखाणात जास्त दिसते. पहिल्या भागात नायक विश्वासापासून दूर गेलेला असतो आणि शेवटी परत येतो. दुसऱ्यात त्याचा भाऊ दूर गेलेला असतो, तोही परत येतो. तिसऱ्यात मेहुणा. चौथ्या पुस्तकापर्यंत वाचकाला पान बघून सांगता येतं, आता वादळ येणार, आता हा गुडघे टेकणार. लेखिका स्वतः मनापासून लिहीत असते, याबद्दल मला शंका नाही. पण प्रार्थनेचं उत्तर वेळापत्रकानं यायला लागलं की त्यामागं देवाचा हात दिसत नाही, लेखणीच दिसते. मी वॉर्डात ३० वर्षं प्रार्थना ऐकल्या. काहींना त्याच रात्री उत्तर मिळालं, काहींच्या प्रार्थना अजून मीच करते.

फ्रॅन्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ ही एकट्यानं उभी राहणारी कादंबरी, १९९१ ची. पवित्र शास्त्रातल्या होशेय संदेष्ट्याची कथा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेऊन ठेवलेली. बायको पुन्हा पुन्हा निघून जाते, नवरा पुन्हा पुन्हा आणायला जातो. शेवटी एकदाच खऱ्या अर्थानं परत येण्याची ती गोष्ट आहे, म्हणून जड होते आणि म्हणून लागते. तिचे सहा भाग असते तर मी तरी तिसऱ्यातच थकले असते.

हे सगळं तोलताना मी शेवटी पवित्र शास्त्राकडंच वळले. रूथचं पुस्तक चार अध्यायांचं, ८५ वचनांचं. रूथ विधवा, नामी तिची सासू, आणि नात्यातला बवाज रूथशी लग्न करायला तयार. त्यात अडचण आहे: बवाजापेक्षा जवळचा एक नातलग आहे, त्याचा हक्क आधीचा. तिसरा अध्याय याच टांगत्या जागी संपतो. पण नामी सुनेला काय सांगते? बस स्वस्थ, तो माणूस आजच्या आज हे काम तडीस नेल्याशिवाय राहायचा नाही. आणि चौथ्या अध्यायात बवाज सकाळीच वेशीत जाऊन बसतो. वाचकाला तिष्ठत ठेवायचं, पण निकाल हातात ठेवायचा नाही. याकोब आणि राहेल यांची गोष्ट मात्र खरोखर लांब आहे. राहेलसाठी केलेली सात वर्षांची चाकरी त्याला थोड्या दिवसांसारखी वाटते, लग्नानंतर सकाळी बघतो तर राहेलच्या जागी तिची बहीण लेआ, मग आणखी सात वर्षं, दोघी बहिणींची चढाओढ, आणि शेवटी बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात राहेल जाते. तिला एका पुस्तकात कोंबता येणार नाही.

मला सगळ्यांत जास्त आनंद दिला तो रूथच्या चौथ्या अध्यायातल्या अकराव्या वचनानं. वेशीतली वडीलधारी मंडळी बवाजाला आशीर्वाद देताना म्हणतात, तुझ्या घरी येणारी ही बाई राहेल आणि लेआ यांच्यासारखी होवो. म्हणजे बेथलेहेममधल्या एका लग्नात जुन्या गोष्टीतल्या त्या दोघी बहिणी आशीर्वादाला हजर आहेत! आणि शेवटी रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद राजा अशी नावं लागतात आणि पुढचं दार किलकिलं राहतं. रूथ मात्र पुरी झालेली असते.

मी आता तसंच लिहिते. नव्या पुस्तकात मधली बहीण आहे. तिची गोष्ट तिच्यापुरती पुरी. मोठी तिच्या लग्नात हळदीची वाटी घेऊन दोन पानं येते, कडेवर पोर, आणि ज्यांनी पहिलं पुस्तक वाचलेलं नाही त्यांना ती फक्त एक प्रेमळ बहीण वाटेल. धाकटीचं पुस्तक लिहिते आहे. यासाठी एक लांब खतावणी वही केली आहे: कोणाचा जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली) कधी, कोण कुठल्या बाकावर बसतं, कोणाला दमा. पहिल्याच भागात ज्यांना मी पुरलं होतं ते सासरे मधलीच्या लग्नात पंगतीला बसले होते. माझ्या बहिणीनं हस्तलिखित वाचताना पकडलं, नाही तर ते तसेच छापले गेले असते. आता रोज रात्री लिहायला बसण्याआधी वही बघते.

आणि मोठीच्या गोष्टीचा राहिलेला शेवटही लिहून काढला. एकूण ४० पानं झाली. गाडी पंढरपूर सोडून कुर्डुवाडीला पोचते, मुलगा आईच्या दारात उभा राहतो, आई आतूनच ओरडते, “मी येणार नाही म्हटलं ना?” आणि तो चपला काढून आत जातो. तिसऱ्या रविवारापर्यंतचं सगळं त्यात आहे. नाताळच्या आधी झेरॉक्स काढून शिवून घेणार आहे. ज्यांच्याकडे ‘भाग पहिला’ची जुनी प्रत असेल, त्यांनी चर्चच्या स्टॉलवर आपलं नाव लिहून ठेवा, ही पानं मी घरी पोचवीन. तासगावच्या बाईंची प्रत मी आधीच बाजूला काढून ठेवली आहे.