खरखरीसकट शांत

निवांत संगीत म्हटलं की ते मऊच असायला हवं, अशी आपली पक्की समजूत असते. सिंथेसायझरचा एक लांबलचक सूर, मागे समुद्राची गाज, मधूनच पियानोचे दोन-चार स्वर, की झालं चिलआउट तयार. गोव्यातल्या शॅकमध्ये दुपारी चारच्या सुमाराला हेच चालू असतं आणि एक गाणं संपून दुसरं कधी लागलं, याचा कोणाला पत्ता नसतो. अलीकडे याच पठडीत 'उत्तर युरोप अधिक पश्चिम आफ्रिका' असा माल बराच येतो: त्याच लांबलचक सुरावर कोरा या आफ्रिकी तंतुवाद्याचे कुठूनतरी उचललेले चार तुकडे फिरवत ठेवायचे आणि मुखपृष्ठावर बर्फ टाकायचा. तो खुशाल सोडून द्यावा. पण सेनेगल-गांबियाकडचा कोरा आणि स्वीडन-नॉर्वेकडचं गजानं वाजवायचं वाद्य खरोखर एकमेकांशेजारी बसतात, तेव्हा जे ऐकू येतं ते अजिबात गुळगुळीत नसतं. त्यात झणझण असते, गजाची खरखर असते, ताल जरासा लंगडत असतो. डोकं शांत होतं ते या सगळ्यामुळे.

कोऱ्याचं पोट म्हणजे अर्धा कापून वाळवलेला भोपळा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तो आपला दुधीच, फक्त वेलीवरच जून होऊन टणक झालेला. त्यावर गायीचं ओलं कातडं ताणून बसवायचं, खिळ्यांनी पक्कं करायचं आणि आरपार लाकडी दांडा घालायचा. तारा २१. त्या तंबोऱ्यासारख्या आडव्या घोडीवर टेकत नाहीत. घोडी कातड्यावर उभी असते आणि तिच्या दोन्ही कडांच्या खाचांमधून तारांच्या दोन रांगा जातात, डावीकडे ११ आणि उजवीकडे १०. पूर्वी तारा हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या पट्ट्यांच्या असत, आता मासेमारीचा नायलॉन किंवा हार्पच्या तारा लावतात. वादक वाद्याचं तोंड स्वतःकडे धरतो, तीन-तीन बोटांनी दोन मुठी पकडतो आणि वाजवायला उरतात दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. एवढ्या चार बोटांत खालचा ठेका, मधली फिरती ओळ आणि वरच्या सपाट ताना असं तिन्ही चालतं. ठेक्याच्या त्या फिरत्या आकृतीला तिथले मांडिंका जमातीचे वादक कुंबेंगो म्हणतात, तानांना बिरिमिंतिंगो.

घोडीच्या टोकाला परंपरेनं पत्र्याचा एक पातळ तुकडा खोचतात. त्याच्या कडेनं बारीक कड्या ओवलेल्या. तार छेडली की त्या कड्या झिणझिणतात. त्याच भागातल्या बालाफोनमध्ये, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात, प्रत्येक पट्टीखाली टांगलेल्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या कोशाचा पापुद्रा चिकटवत. आता सिगारेटचा कागद किंवा प्लॅस्टिक चालतं. काम तेच: स्वच्छ स्वराला थोडं मुद्दाम खरवडायचं. हे समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात, तो नेमकी जागा चुकला की तंबोरा मुका होतो आणि गवय्याचं तोंड वाकडं होतं.

उत्तरेकडच्या वाद्यांनी हीच हौस दुसऱ्या रस्त्यानं भागवली. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला वाजवायच्या चार तारा, आणि त्यांच्या खालून जाणाऱ्या चार किंवा पाच तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या. स्वीडनच्या निकेलहार्पाला एकंदर १६: तीन सुरावटीच्या, एक सतत गुंजणारी आणि १२ तरफेच्या. निकेलहार्पात तार बोटानं दाबायची नसते; लाकडी कळ दाबली की तिच्यावरची खुंटी तारेला बाजूनं भिडते, आणि त्या कळांची खटखट बऱ्यापैकी ऐकू येते. सारंगी ऐकलेल्या माणसाला तरफेचं वेगळं कौतुक सांगायला नको. गज उचलल्यावरही स्वर एकदम थांबत नाही, खालच्या तारा तो थोडा वेळ धरून ठेवतात.

आता हे दोन शेजारी बसवायचे कसे, हा खरा खटाटोप. पहिली अडचण स्वर मिळवण्याची. कोरा बहुधा पाश्चात्त्य एफ या स्वरात किंवा त्याच्या आसपास लावतात. अर्धा-एक स्वर वरखाली करता येतो. त्यापलीकडे वर नेला की बारीक तारा तुटतात, खाली आणला की जाड तारा लुळ्या पडतात. हार्डांगर फिडलच्या तरफा ठरावीक चार-पाच स्वरांना लावलेल्या असतात. कोऱ्याच्या सप्तकात त्यातले दोन बसत नसतील, तर वादक कितीही सुरात वाजवो, खालून ते दोन परके स्वर कुरकुरत राहणार. अशा वेळी आधी तरफा कोऱ्याप्रमाणे लावून घ्याव्यात, मग वरच्या चार. निकेलहार्पाला ही कटकट कमी, कारण तिच्या १२ तरफा बारा स्वरांना एकेक अशा लावलेल्या असतात. कोरा कुठल्याही पट्टीत असो, त्यातल्या काही बोलतातच. नव्यानं हे जमवणाऱ्यानं हार्डांगरच्या मोहात न पडता निकेलहार्पा किंवा साधं व्हायोलिन घ्यावं, असं माझं मत.

कोरा लावतानाही घाई चालत नाही. एक तार चढवली की कातड्यावरचा भार बदलतो, घोडी किंचित दबते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून खर्जाकडून वर एक फेरी, मग तीच फेरी पुन्हा, आणि नंतर पाच मिनिटं वाद्य तसंच ठेवून तिसऱ्यांदा फक्त तपासणी. सगळ्या तारा एकदम कधीही सैल करू नयेत. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी असते. दाब गेला की ती आडवी होते आणि पुढचा अर्धा दिवस गेला. चामड्याच्या कड्या दांड्यावर वरखाली सरकवून लावायचा जुना कोरा असेल तर गाण्यागणिक मिळवणी बदलायचा विचारच सोडावा. एका मिळवणीतली गाणी सलग घ्यावीत.

यात हवेचंही एक त्रांगडं आहे. दमट हवेत कोऱ्याचं कातडं सैलावतं आणि सूर उतरतो. उत्तर युरोपच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत तेच कातडं ताणतं आणि सूर चढतो. शेजारच्या फिडलचं लाकूड मात्र आकसून चिरा पडायच्या बेताला येतं. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवली तर दोघांचंही भागतं. वाद्यं खोलीत आणल्यावर तासभर काही वाजवू नये.

यापुढची चूक संगणकावर होते, आणि ती फार जणांकडून होते. कोऱ्याच्या पारंपरिक मिळवणींतले काही स्वर पियानोच्या पट्टीत बसत नाहीत. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या लोकवादकांचा गंधारही कितीदा ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी असतो. म्हणजे हे दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. भांडण लावतो तो मागचा सिंथेसायझर. त्याचा गंधार समान पट्टीतला, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठरवलेला. अर्धस्वराचे १०० भाग केले, तर तो नैसर्गिक गंधारापेक्षा १४ भाग वर असतो. ३५० हर्ट्झच्या आसपास हे दोन गंधार एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे पडतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण पाच मिनिटांत तो वैतागतो. उपाय सोपा आहे: सिंथेसायझरला फक्त षड्ज आणि पंचम द्यावेत, कारण पंचमातला फरक दोनच भागांचा असतो. गंधार, निषाद ज्यांच्याकडे तार आहे त्यांनी बघावेत.

कोऱ्याच्या सौता नावाच्या मिळवणीत मध्यम तीव्र असतो. बाकीचे स्वर शुद्ध, म्हणजे कल्याण थाटच. आपल्या कानाला ती लगेच यमनाकडे ओढते आणि मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, का येत नाही म्हणून चुटपुट लागते. कोऱ्यात ती येणार नाही. प्रत्येक तारेला एकच स्वर. ती जागा गजानं भरून काढायची, आणि चांगला फिडलवाला ती अगदी थोडीच भरतो.

तालाची गोष्ट याहून रंगतदार आहे. १२ मात्रांचं आवर्तन घ्या. तीन-तीनचे गट पाडले तर चार ठोके, चार-चारचे पाडले तर तीन. कोऱ्याची अनेक आवर्तनं अशी दोन्ही अंगांनी ऐकू येतात. इकडे स्वीडनचा पोल्स्का हा नाच मुळातच तीन ठोक्यांचा. चार ठोक्यांची लय मिनिटाला ७२ धरली तर मात्रा होतात २१६, आणि त्याच मात्रांवर तीन ठोक्यांची लय भरते ५४. आवर्तन साधारण सव्वातीन सेकंदांचं. ऐकणारा हवी ती लय धरतो आणि मधेच नकळत दुसरीवर जातो. गाणं दहा मिनिटं तेच राहूनही कंटाळा येत नाही, त्यामागची मेख ही.

पण पोल्स्काचे किंवा नॉर्वेच्या स्प्रिंगार नाचाचे तीन ठोके सारखे नसतात. तेलेमार्क भागातल्या स्प्रिंगारमध्ये पहिला सगळ्यांत लांब, दुसरा त्याहून कमी, तिसरा आखूड. हे संगणकातल्या समान अंतराच्या जाळीवर ओढून सारखं केलं की नाच मरतो आणि उरते ती लिफ्टमधली धून. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कोरा, ठोक्याच्या टिकटिकीशिवाय, तीन-चार मिनिटं सलग. मग त्या मुद्रणाच्या चालीवरून संगणकातली लय आखून घ्यायची. मग गजाचं वाद्य. इलेक्ट्रॉनिक ढोल हवाच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि तोही फक्त समेवर. चारही ठोक्यांवर ढोल घातला की तीनची लय ऐकूच येत नाही आणि वर सांगितलेली सगळी गंमत संपली.

मायक्रोफोन भोपळ्याच्या बाजूच्या मोठ्या भोकासमोर लावू नये, खर्ज घुमतो. घोडीच्या दिशेनं ३० ते ४० सेंटिमीटरवर एक आणि दांड्याच्या वरच्या भागाकडे एक, एवढे पुरतात.

प्रतिध्वनीचा भाग जरा नाजूक आहे. उत्तरेकडच्या ध्वनिमुद्रणांत लांब घुमणारी पोकळी असते आणि आपल्यापैकी अनेकांच्या कानांत ती आधीच बसलेली आहे: झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉक्लिन आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांचा १९८७ सालचा अल्बम ओस्लोतच ध्वनिमुद्रित झाला होता. ती पोकळी बासरीला, सॅक्सोफोनला, गजाला शोभते. कोऱ्याच्या तानेत मात्र सेकंदाला आठ-दहा स्वर सहज येतात. त्यावर चार सेकंदांचा प्रतिध्वनी चढवला तर एका वेळी तीस-चाळीस स्वर हवेत लोंबकळत राहतात आणि सगळ्याचा काला होतो. कोऱ्याला दीड ते दोन सेकंद, तोही मूळ स्वरानंतर ५० मिलिसेकंदांनी सुरू होणारा. गजाला चार-पाच सेकंद खुशाल द्यावेत. प्रतिध्वनीतला २५० हर्ट्झखालचा भाग दोन्हीकडे कापावा.

आणि सफाई करणारी सॉफ्टवेअरं जपून. त्यांना पत्र्याची झिणझिण, कळांची खटखट, गजावरच्या राळेची खरखर हे सगळं गोंगाट वाटतं. एक बटण दाबलं की ते नाहीसं होतं, आणि मग दोन्ही वाद्यं कुठल्याही की-बोर्डवर मिळणाऱ्या नकलेसारखी वाजायला लागतात. एवढा खर्च करून सेनेगलहून माणूस कशाला आणला, असा प्रश्न पडावा.

ज्यांनी हे नीट केलं त्यांची नावं फार नाहीत. नॉर्वेच्या सेतेस्दाल खोऱ्यातली गायिका किर्स्टन ब्रोतेन बर्ग आणि मोरचंगवाला ब्योर्गुल्व स्त्राउमे यांनी १९९७ साली सेनेगलचा कोरावादक सोलो सिसोखो आणि आयव्हरी कोस्टचा कुआमे सेरेबा यांच्याबरोबर एक अल्बम केला. सेरेबा तोंडाशी धरून वाजवायचं धनुष्य वाजवतो. खोऱ्यातलं मोरचंग आणि ते धनुष्य, दोन्हींत तोंडाच्या पोकळीनंच उपस्वर निवडायचे असतात, त्यामुळे त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. पुढे सिसोखोनं स्वीडनची फिडलवादक एलिका फ्रिसेल हिच्याबरोबर जोडी जमवली आणि २००३ साली त्यांना बीबीसी रेडिओ ३चा जागतिक संगीत पुरस्कार मिळाला. डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेला गांबियाचा दाउदा जोबार्ते कोऱ्याला वीज जोडून वाजवतो. तो ऐकायला बसताना झोपेची अपेक्षा ठेवू नये.

तसं पाहिलं तर कोऱ्याचं पारंपरिक भांडार झोपेसाठी नाहीच. जाली घराण्यांतले गायक-वादक पिढ्यान् पिढ्या राजांच्या, योद्ध्यांच्या, आश्रयदात्यांच्या कुळकथा त्यावर गात आले. पोल्स्काही लग्नात नाचायला. 'गाढ निद्रा' अशा नावाच्या गाण्यांच्या यादीत एखाद्या लढाईचं गाणं सापडतं, याची गंमत वाटते. त्यात कोणाचा अपमान झाला असं मला वाटत नाही, पण ते गाणं पूर्ण लांबीचं ऐकावं, दोन मिनिटांचा कापलेला तुकडा नव्हे. पहिली दोन मिनिटं कुंबेंगो बसण्यात जातात.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये. कोऱ्याची सर्वांत खालची तार ८७ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि फोनचा स्पीकर तिथवर पोचत नाही. अंगठ्यांचं काम गळतं, वरच्या ताना तेवढ्या टोचतात आणि कोरा म्हणजे किणकिणणारं काहीतरी असा गैरसमज होतो. साधे तारेचे हेडफोन चालतील. आवाज बोलण्याच्या पातळीहून थोडा खाली ठेवावा. खर्ज ऐकू येतोय पण पत्र्याची झिणझिण त्रास देत नाही, अशी जागा सापडली की पुन्हा बटणाला हात लावायचा नाही.