म्युनिक, डचेस आणि किनरॉसची जागा

ब्रिटनच्या बरखास्त झालेल्या मतदारसंघांपैकी मला सर्वाधिक खिळवून ठेवणारा मतदारसंघ म्हणजे स्कॉटलंडमधला ‘किनरॉस आणि वेस्टर्न पर्थशायर’. क्रीफ, ऑक्टरार्डर, ॲबरफेल्डी यांसारखी छोटी गावे, त्यांच्यामधली शेती आणि उत्तरेकडे बड्या जमीनदारांच्या डोंगराळ जहागिरी असा हा मुलूख १९१८ ते १९८३ या काळात एक खासदार निवडून देत असे. हुजूर पक्षाची, म्हणजे तेव्हाच्या स्कॉटिश युनियनिस्टांची, ही हक्काची जागा मानली जाई. परंतु तो हक्क उमेदवाराचा नसून पक्षाचा आहे, हे येथे एकदा फार कठोरपणे दाखवून दिले गेले.

१९२३ साली येथून ॲथॉलच्या डचेस कॅथरीन स्टुअर्ट-मरे निवडून आल्या. स्कॉटलंडमधून हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेलेली ही पहिली स्त्री, आणि गंमत अशी की पहिल्या महायुद्धापूर्वी याच बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला होता. पुढे शिक्षण खात्यात मंत्रिपद मिळवणाऱ्या हुजूर पक्षाच्या त्या पहिल्या महिला ठरल्या. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी डाव्यांचा पाठिंबा असलेल्या प्रजासत्ताकाची बाजू घेतली, तेव्हा लोक त्यांना ‘लाल डचेस’ म्हणू लागले. हे विशेषण मला नेहमीच फसवे वाटत आले आहे, कारण भारताला मर्यादित स्वायत्तता देऊ करणारे १९३५ चे विधेयकसुद्धा त्यांना पचले नव्हते आणि त्या रागापोटी त्यांनी काही काळ पक्षादेशाचे बंधनही झुगारले होते.

सप्टेंबर १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी म्युनिकमध्ये हिटलरशी करार करून चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग त्याला देऊ केला. डचेसनी त्याला उघड विरोध करताच स्थानिक पक्षसंघटनेने दुसरा उमेदवार शोधायचे ठरवले. तेव्हा त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि त्याच जागेसाठी अपक्ष म्हणून पोटनिवडणूक लढवली. उदारमतवादी पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतल्यामुळे लढत सरळ झाली. चर्चिल यांनी पाठिंब्याचे पत्र दिले, मात्र प्रचाराला ते फिरकले नाहीत. २१ डिसेंबरला, बर्फ पडलेले असताना, मतदान झाले. पक्षाचे उमेदवार, शेतकरी असलेले विल्यम स्नॅडन यांना ११,८०८ मते मिळाली आणि डचेसना १०,४९५. पंधरा वर्षे सांभाळलेली जागा १,३१३ मतांनी गेली. अवघ्या तीन महिन्यांनी हिटलरने चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, सैन्य घुसवले. पण तोवर त्या संसदेबाहेर पडल्या होत्या आणि पुन्हा कधीच आत गेल्या नाहीत.

पाव शतकानंतर याच जागेने चक्क पंतप्रधानाची सोय केली. ऑक्टोबर १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन यांच्या जागी अर्ल ऑफ होम पंतप्रधान झाले, आणि लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या वरिष्ठ सभागृहात, बसून सरकार चालवणे त्या काळात अशक्य असल्याने, त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी आपली सरदारकी सोडली. किनरॉसची जागा खासदाराच्या निधनाने रिकामी होती. तिथे आधीच निवडलेले तरुण उमेदवार जॉर्ज यंगर बाजूला झाले आणि होम आता सर ॲलेक डग्लस-होम या नावाने उभे राहिले. जवळजवळ पंधरवडाभर ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता, आणि त्याच्यासाठी संसदेचे अधिवेशनही पुढे ढकलावे लागले. ७ नोव्हेंबरला ते ९,३२८ मतांनी जिंकले. त्यांची फिरकी घ्यायला उभा राहिलेला विनोदी नट विल्यम रश्टन ४५ मतांवर थांबला.

हेच होम १९३८ साली लॉर्ड डनग्लस या नावाने चेंबरलेन यांचे संसदीय खासगी सचिव होते आणि म्युनिकला त्यांच्यासोबत गेले होते. ज्या कराराला विरोध केल्यामुळे डचेसची जागा गेली, त्याच कराराच्या वेळी हजर असलेल्या माणसाला त्याच जागेने तारले, याकडे ब्रिटिश इतिहासलेखनात अधिक लक्ष दिले जायला हवे होते, असे मला वाटते.

होम १९७४ मध्ये निवृत्त झाले. त्या ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांचे वारसदार निकोलस फेअरबर्न स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीपुढे केवळ ५३ मतांनी तरले. १९८३ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ मोडला गेला आणि फेअरबर्न नव्या ‘पर्थ आणि किनरॉस’मधून निवडून आले, त्यांच्या निधनानंतर १९९५ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ती जागाही नॅशनल पार्टीने घेतली.