मार्मलेड, मार्मेलादा आणि आपली पेराद

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या गोंयकाराने मार्मलेडची बरणी घेतली, तर आत कडसर संत्र्याचा जॅम असतो. लिस्बनच्या दुकानात मार्मेलादा मागितली, तर तांबूस घट्ट वडी हातात पडते. ती आपल्या पेरादीची, म्हणजे गोव्याच्या पेरूच्या वडीची, थोरली बहीण.

पोर्तुगीजमध्ये मार्मेलु म्हणजे बिहीचं फळ. त्याच्या बिया आपल्याकडे काष्टौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात. त्या फळाचा साखरेत आटवलेला गर म्हणजे मार्मेलादा. मार्मेलुचं मूळ लॅटिनमार्गे ग्रीक मेलीमेलोनमध्ये, म्हणजे 'मधाच्या सफरचंदा'त आहे. वडी खोक्यांतून इंग्लंडला गेली, सोबत तिचं नावही गेलं. संत्र्याने बिहीची जागा नंतर घेतली. स्कॉटलंडच्या आजारी मेरी राणीवरून (फ्रेंचमध्ये 'मालाद' म्हणजे आजारी) हा शब्द आला असं इंग्लंडमध्ये अजूनही सांगतात, ते खरं नाही. मेरीचा जन्म १५४२ चा, आणि आठव्या हेन्रीला मार्मलेडचं खोकं भेट आल्याची नोंद १५२४ ची आहे. गोव्यात बिहीच्या जागी पेर, म्हणजे पेरू, आलं, आणि पेराद झाली.

मार्मलेड घरी करायचं तर जानेवारी गाठा. सेव्हिलची कडू संत्री त्याच सुमारास बाजारात असतात, आणि गोड संत्र्यांना ती चव नाही. १ किलो संत्री, २ किलो साखर, अडीच लिटर पाणी, २ लिंबांचा रस. बिया आणि आतला पांढरा भाग मलमलच्या पुरचुंडीत बांधून सालीच्या कापांबरोबरच शिजवा. घट्टपणा आणणारं पेक्टिन त्यातच असतं. साल बोटाने चेपेपर्यंत साखर घालू नका. साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही, बहुतेकांचं मार्मलेड इथेच चिवट होतं. मग मोठ्या आचेवर १०४ ते १०५ अंशांपर्यंत. गार बशीवरचा थेंब बोटाने सरकवला की सुरकुती पडली पाहिजे. उतरवल्यावर पंधरा मिनिटं थांबून भरा, नाहीतर साली बरणीत वर तरंगतात.

पेरादीला गाळलेला गर आणि साखर वजनाला सारखी, थोडा लिंबाचा रस, आणि गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत मंद आचेवर ढवळणं. घाईने उतरवली की वड्या पडत नाहीत. इंग्लंडमध्ये चांगले पेरू मिळाले नाहीत, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिही शोधा. कच्ची असताना ती कडक आणि तुरट लागते, म्हणून आधी मऊ उकडून घ्यावी. पुढचं सगळं पेरादीसारखंच. फक्त आटताना फिकट गर हळूहळू तांबडा होतो, त्याला करपला समजून उतरवू नका.