उसवलेली बाही

ओहायोतल्या कोलंबस येथे लेकीकडे दहा आठवडे राहून परतल्यापासून भेटणारा प्रत्येक जण नायगाऱ्याविषयी विचारतो, आणि धबधबा मोठा आहे, गर्दी त्याहून मोठी आहे, एवढे सांगून मी विषय बदलतो. माझ्या मनात घर करून राहिली आहे ती क्लीव्हलंडच्या बेसबॉल मैदानात शेजारी बसलेल्या एका वृद्धाच्या जाकिटाची बाही.

बेसबॉलमधले मला काही कळत नाही. जावई मात्र तिथल्या संघाचा कट्टर चाहता असल्याने २०२३ च्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी त्याने आम्हा सर्वांना गाडीत बसवले आणि दोन तासांच्या वाटेवर माझी शिकवणी घेतली. १९१५ पासून या संघाचे नाव क्लीव्हलंड इंडियन्स होते. त्याचे बोधचिन्ह म्हणजे लालभडक वर्णाचा, डोक्यात पीस खोवलेला आणि सगळे दात दाखवून हसणारा ‘चीफ वाहू’. त्याचे मूळ चित्र १९४७ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने काढले होते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी या चेहऱ्याविरुद्ध कित्येक वर्षे निदर्शने केली, तेव्हा कुठे २०१८ च्या हंगामानंतर तो गणवेशावरून उतरला. २०२१ मध्ये नवे नाव जाहीर झाले आणि पुढच्या हंगामापासून संघ ‘गार्डियन्स’ म्हणून खेळू लागला. लाल आणि गडद निळा हे रंग तसेच राहिले. नावातसुद्धा शेवटचे ‘डियन्स’ राखून यमक साधलेले माझ्या लक्षात आले आणि मी ते बोलून दाखवले. जावई म्हणाला, “बाबा, तिथे हे मोठ्याने बोलू नका. अर्ध्या लोकांना त्याचाच राग आहे.”

सामन्यापूर्वी त्याने आम्हाला ज्याच्यावरून हे नाव आले तो पूल दाखवला. १९३२ मध्ये बांधलेल्या या पुलाच्या दोन्ही टोकांना मिळून चार दगडी खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन, अशा आठ प्रचंड मूर्ती आहेत. उंची सुमारे त्रेचाळीस फूट, मस्तकावर पंखांचे शिरस्त्राण, मुद्रा आपल्याकडच्या देवळांतल्या जय-विजयांसारखी निर्विकार. प्रत्येकाच्या हातात एकेक वाहन आहे. कोणाकडे गवताची गाडी, कोणाकडे घोड्यांची बग्गी, आणि एकाने तर हातात मोदक धरावा तशी १९३० च्या सुमाराची मोटार धरली आहे. हे ‘वाहतुकीचे रक्षक’. मला ते इतके आवडले की नाव बदलणाऱ्यांची निवड मी तिथल्या तिथे मान्य करून टाकली. मैदानात गेल्यावर कळले, की माझ्या मान्यतेची तिथे कोणाला गरज नव्हती.

वाहनतळाचे पैसे ऐकून माझे तोंड कडू झाले होते आणि डाव्या बाजूच्या पाठ नसलेल्या बाकांवर ऊन थेट डोक्यावर येत होते, हेही नोंदवून ठेवतो. आमच्या पुढच्या रांगेत मी सहज मोजले, तर नऊ जणांपैकी पाच जणांच्या अंगावर जुने नाव होते. माझ्या डावीकडे बसलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी सरोवराच्या वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून गडद निळे चकचकीत जाकीट मांडीवर ठेवले होते. त्याच्या बाहीवर एक विचित्र डाग दिसला. नीट पाहिले तेव्हा तो डाग नसून चेहरा असल्याचे ध्यानात आले. वाहूचे भरतकाम कोणीतरी धागा धागा करून उसवले होते. आजूबाजूचे कापड उन्हाने विटले होते, पण धाग्यांखालचे कापड नव्यासारखे गडद राहिले होते, आणि सुईच्या बारीक भोकांमधून ते सगळे दात अजून मोजता येत होते.

माझी नजर त्यांनी ओळखली. सुनेने सांगितले होते, की हा चेहरा घेऊन नातीला शाळेतून आणायला जायचे नाही. म्हणून हिवाळ्यातल्या दोन संध्याकाळी त्यांनी स्वतःच पात्याने टाके काढले. चेहरा गेल्याचे त्यांना दुःख नव्हते. तो जायलाच हवा होता, असे ते स्पष्ट म्हणाले. त्यांचा राग होता तो नव्या चिन्हावर. चेंडू, त्याभोवती इंग्रजी ‘जी’ आणि वर पंख, हे त्यांना पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचे चिन्ह वाटे. २०२१ च्या नोव्हेंबरात नव्या नावाचा माल विक्रीला आला, त्याच दिवशी मैदानाच्या दुकानावरची नवी पाटी खाली कोसळली होती. ही हकीकत त्यांनी अशा समाधानाने सांगितली, की जणू पाटीला त्यांनीच समजावले असावे.

गंमत अशी, की बोलताना ते मैदानाला ‘द जेक’ म्हणत होते. मैदान १९९४ मध्ये उघडले तेव्हाचे जेकब्स फील्ड हे नाव २००८ मध्ये बदलले आहे. सकाळी पाहिलेल्या पुलाचे नावही १९८३ मध्ये बदलले, तरी त्यांच्या तोंडी ते लोरेन-कार्नेगीच होते. यावर हसण्याचा अधिकार मला नाही. मी मध्य रेल्वेत एकतीस वर्षे नोकरी केली, स्थानकाचे नाव बदलले त्याला १९९६ पासून इतका काळ लोटला, नव्या नावाविषयी मनात पूर्ण आदर आहे, आणि तरीही टॅक्सीवाल्याला मी अजून “व्हीटी” असेच सांगतो.

मग त्यांनी बाकाला जडवलेला एक कांस्याचा ढोल दाखवला. एक चाहता १९७३ च्या ऑगस्टपासून सामन्याला ढोल घेऊन येत असे, संघ अडचणीत असला की बडवत असे, आणि हजारो सामने त्याने असे वाजवले. जॉन अ‍ॅडम्स त्याचे नाव. २०२३ च्या जानेवारीत तो वारला. “नाव काहीही ठेवा, तो ढोल ऐकू यायचा,” एवढे बोलून ते बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. दरम्यान केचप, मोहरीची चटणी आणि कांदा यांचे वेष घातलेल्या तिघांची शर्यत झाली. तिच्यावर सामन्याहून अधिक आरडाओरडा झाला. यजमान हरले.

उठताना मात्र त्यांनी हसत विचारले, “तुम्ही तर खरेखुरे इंडियन. तुम्हाला कधी राग आला होता का?”

मीही हसलो, हात हलवला आणि काहीतरी पुटपुटलो. गाडीत बसल्यावर स्वतःचाच राग आला. मला राग येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते नाव आमचे नव्हतेच. हिंदुस्थान शोधायला निघून भलत्याच किनाऱ्याला लागलेल्या एका दर्यावर्द्याच्या चुकीतून ते दुसऱ्याच माणसांना चिकटले होते, आणि ते दात त्यांच्या चेहऱ्यावर काढलेले होते, माझ्या नव्हे; विचारायचेच होते तर हंगामाच्या पहिल्या सामन्याला मैदानाबाहेर फलक घेऊन उभे राहणाऱ्यांना विचारायला हवे होते. हे सारे इंग्रजीत मनासारखे जुळवून होईपर्यंत नातू झोपी गेला होता आणि गाडीने कोलंबसची पाटी ओलांडली होती.