तुम्ही विचारलंत म्हणून: सौरऊर्जा वाढली, मग तेल का हटत नाही?

ऊर्जेवर बोलायला कुठेही गेले, तरी हा प्रश्न हमखास येतो. सौर आणि पवनऊर्जा एवढी वाढतेय, मग तेलाची मागणी घटणार कधी? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सौर पॅनेल आणि पवनचक्क्या वीज देतात. तेल जाळून वीज मात्र आता फारशी कुणी करत नाही. १९७३ साली जगातली जवळपास पाव वीज तेलावर होत असे. त्याच वर्षी तेलसंकट आलं, देश कोळसा, वायू आणि अणुऊर्जेकडे वळले, आणि आज तो वाटा तीन टक्क्यांच्या आसपास उरलाय. त्यामुळे नवं सौर केंद्र सुरू झालं की मागे सरतो तो बहुतेक वेळा कोळसा किंवा वायू. तेल जळतं ते मोटारी, ट्रक, जहाजं आणि विमानांत. जगाचा एकूण खप रोज सुमारे १० कोटी बॅरल, आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर.

तेलाला धक्का बसतो तो ही वीज गाडीच्या बॅटरीत गेल्यावर. नॉर्वेत २०२४ साली दर दहा नव्या मोटारींतल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. तरीही तिथल्या रस्त्यांवरच्या एकूण मोटारींत त्यांचा वाटा एक तृतीयांशही नव्हता, कारण जुनी मोटार पंधरा-वीस वर्षं चालतच राहते. शिवाय कच्च्या तेलातून पेट्रोलबरोबर डिझेल, विमानाचं इंधन, नाफ्था (प्लास्टिकचा कच्चा माल), डांबर असं सगळं निघतं. पेट्रोल नकोसं झालं तरी प्लास्टिकवाल्यांना नाफ्था हवाच. मला खरी काळजी वाटते ती या प्लास्टिकचीच. तिथे बॅटरीचा काही उपयोग नाही.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये म्हटलं, की मागणी २०३० पर्यंत शिखर गाठेल. ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, २०२४ मध्ये २०५० साठी रोज १२ कोटी बॅरलचा अंदाज दिला. मला वाटतं, मागणी शिखरावर बरीच वर्षं रेंगाळेल आणि मग हळूहळू उतरेल. २०२० साली जगभर टाळेबंदी होती, विमानं जमिनीवर होती, तरी वर्षभराची मागणी घटली ती साधारण नऊ टक्के. म्हणून मी पॅनेलच्या आकड्यांपेक्षा ट्रकांवर लक्ष ठेवते. ते विजेवर किती वेगाने येतात, त्यावर डिझेलचं पुढचं सगळं अवलंबून आहे.