पदराची गाठ आणि एकोणिसावं क्रोमोझोम

गेल्या महिन्यात रविवारी रात्री दादाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला आणि नेहमीसारखं जेवलात का, पाऊस काय म्हणतोय असलं काही न विचारता तो एकदम म्हणाला, "आई, माझा रिपोर्ट आलाय. ते अल्झायमरचं जीन असतं ना, ते माझ्यात एक निघालंय." ती नळीत थुंकून पाठवायची टेस्ट असते ना, ती त्याच्या मुलांनी वाढदिवसाला दिली होती, आपले पूर्वज कुठले वगैरे बघायला हौसेनं. आई जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडनंच गेलं का रे तुला?"

दादानं काहीतरी सारवासारव केली, विषय बदलला, कॉल संपला. पण आईचा तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

कारण माझी आजी, म्हणजे आईची आई. कराडला असायची. आजीची सवय होती की काही लक्षात ठेवायचं असलं की लुगड्याच्या पदराला गाठ मारायची, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत, एक गाठ, जावेला निरोप सांगायचाय, दुसरी गाठ. सत्तरी उलटल्यावर त्या गाठी वाढायला लागल्या. एका पदराला सहा-सात, काही तर इतक्या घट्ट की नखांनी सुटायच्या नाहीत. संध्याकाळी आई तिच्यापुढं बसून एकेक गाठ सोडवायची आणि प्रत्येक गाठ सुटली की आजीच विचारायची, "ही कशाची गं होती?" आईला कुठून माहीत असणार. घरात सगळे म्हणायचे म्हातारचळ लागलाय, साठी बुद्धी नाठी, शेजारची एक बाई तर तोंडावर म्हणाली की सोंग करते म्हातारी. आई पण कधीकधी चिडायची तिच्यावर आणि त्याचं तिला आजही वाईट वाटतं.

ते साल ९३ च्या आसपासचं. आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत अ‍ॅलन रोझेस नावाचा डॉक्टर आणि त्याची टीम याच आजाराचा माग काढत होती, हे मला आत्ता कळलं, तीस वर्षांनी. मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते, दादाच्या रिपोर्टमधल्या त्या जीनचं एपोई हे नाव माहीत होतं, पण मूळ पेपर कधी उघडून बघितला नव्हता. या महिन्यात बघितला. रात्री पोरांचे पेपर तपासून झाले की हा वाचायचा.

रोझेस म्हणजे मेंदूचा डॉक्टर आणि जेनेटिक्सवाला, दोन्ही. त्यांच्याकडं अशी कुटुंबं होती ज्यांच्यात म्हातारपणी होणारा अल्झायमर एकापेक्षा जास्त जणांना झालेला. आधी १९९१ मध्ये मार्गारेट पेरिकॅक-व्हान्सनं दाखवलं की या घरांमध्ये आजाराबरोबर एकोणिसाव्या क्रोमोझोमचा एक तुकडा पण चालत येतोय. म्हणजे घर सापडलं नव्हतं, पण गल्ली सापडली होती. इकडं वॉरन स्ट्रिटमॅटर वेगळंच शोधत होता, या आजारात मेंदूत जो अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचा थर साचतो त्याला मणक्यातल्या पाण्यातलं कोणतं प्रोटीन जाऊन चिकटतं ते. चिकटलेलं निघालं एपोई, जे तोपर्यंत कोलेस्टेरॉलवाल्यांच्या खात्यातलं मानलं जायचं. आणि एपोईचं जीन असतं कुठं, तर त्याच एकोणिसाव्या क्रोमोझोमवर, त्याच गल्लीत! हे वाचताना मला खरंच काटा आला अंगावर.

या जीनचे मुख्य तीन प्रकार, ई२, ई३, ई४. प्रत्येकाकडं या जीनच्या दोन प्रती, एक आईकडनं आलेली, एक बाबांकडनं. बहुतेकांकडं ई३ असतो. एपोई प्रोटीन म्हणजे २९९ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ समजा, तर ई३ आणि ई४ मध्ये फरक फक्त एका मण्याचा, ११२ नंबरचा. त्यांनी ३० घरांतून एकेक पेशंट घेतला आणि ई४ मोजला तर त्यांच्यातल्या सगळ्या प्रती मिळून निम्म्या ई४ च्या, म्हणजे ०.५०, आणि निरोगी लोकांत ०.१६. मग ऑगस्ट १९९३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये त्यांचा पुढचा पेपर आला, एलिझाबेथ कॉर्डर पहिलं नाव, ४२ कुटुंबं. ई४ एकही नाही, एक, की दोन, असे गट पाडले तर आजार होण्याचं प्रमाण २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढत गेलं आणि सुरू व्हायचं सरासरी वय ८४ वरून ६८ वर आलं. पुढच्या वर्षी त्याच टीमनं दाखवलं की ई२ असेल तर उलट धोका कमी होतो. त्या काळी सगळ्यांचं लक्ष अमायलॉइडवर होतं, रोझेसचं हे ऐकायला पुष्कळ जण तयारच नव्हते, पण जगभरच्या लॅबमध्ये पुन्हा पुन्हा तेच निघालं. २०१६ मध्ये तो गेला, आणि शेवटपर्यंत अमायलॉइड हेच मूळ कारण आहे हे त्यानं काही मान्य केलं नाही.

आता दादानं नेटवर तो ९० चा आकडा कुठंतरी वाचला होता आणि हादरला होता. मी त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की अरे तो आकडा दोन ई४ वाल्यांचा आहे, आणि तोही निवडून घेतलेल्या घरांचा, जिथं आधीच घरात दोन-तीन जणांना झालेलं. रस्त्यावरच्या कुणालाही तो लावायचा नसतो. नंतर २०११ मध्ये जास्त मोठ्या डेटावर हिशोब झाला, त्यात एक ई४ असलेल्यांना वयाच्या ८५ पर्यंत अल्झायमर व्हायची शक्यता पुरुषांमध्ये २३ टक्के आणि बायकांमध्ये ३० टक्के निघाली. म्हणजे एक ई४ असलेल्या शंभर पुरुषांतल्या ७७ जणांना ८५ पर्यंत होत नाही. आणि एकही ई४ नसताना ज्यांना होतो असेही कितीतरी आहेत. बरं हे आकडे सुद्धा गोऱ्या लोकांचे. आपल्याकडं हरियाणात बल्लभगडला भारत-अमेरिका मिळून मोठा अभ्यास झाला होता, तिथं ई४ चं प्रमाण ०.०७ निघालं आणि त्याच अभ्यासातल्या पेनसिल्व्हेनियाच्या लोकांत ०.११. ई४ आणि अल्झायमरचा संबंध मात्र दोन्हीकडं सारखाच दिसला.

दादा ऐकून घेत होता आणि मग म्हणाला, "तू पण करून घे ना टेस्ट." आणि इथं खरी गोची आहे. त्याचा ई४ आईकडनं आला असेल आणि आईकडं एकच असेल आणि बाबांकडं नसेल तर माझ्यात असायची शक्यता निम्मी, सरळ छापा-काटा. बाबांकडनं आला असेल तरी तेच. म्हणजे थुंकला दादा आणि बातमी आली माझी पण, आईची पण, त्याच्या पोरांची पण, ज्यांनी बिचाऱ्यांनी गिफ्ट म्हणून ते किट दिलं. आणि किटवर पूर्वजांचा नकाशा होता.

जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्या दोघांतला एक, त्याचा सगळा जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, २००७ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यानं एकच गोष्ट झाकून ठेवायला सांगितली, एपोई. त्याच्या आजीला अल्झायमर झालेला. त्याला नव्हतं जाणून घ्यायचं. पण झालं असं की जीन झाकलं तरी आजूबाजूची अक्षरं उघडीच होती आणि काही संशोधकांनी दाखवून दिलं की नुसत्या शेजाऱ्यांवरून सुद्धा त्याचा प्रकार ओळखता येईल, मग तो पूर्ण पट्टाच काढून टाकावा लागला. मला वॉटसनचं हे वागणं अजिबात भित्रेपणाचं वाटत नाही. त्या माणसाला कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं आणि तरी तो नको म्हणाला.

उलट बाजू पण आहे. अमेरिकेत ज्यांच्या आई किंवा वडिलांना अल्झायमर आहे अशा १६२ जणांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, काहींना त्यांचा एपोई सांगितला आणि काहींना नाही. वर्षभरानंतर बघितलं तर सांगितलेल्यांमध्ये चिंता किंवा नैराश्य काही लक्षणीय वाढलेलं नव्हतं. पण त्यांना नीट समुपदेशन मिळालं होतं, समोर बसून कुणीतरी समजावलं होतं. दादाला रात्री साडेदहाला मोबाइलवर नोटिफिकेशन आलं होतं. यात फरक आहे आणि तो मला फार मोठा वाटतो.

आईशी मी चार दिवसांनी बोलले. भाजी निवडत होतो आम्ही. मी सांगितलं की आई, ई४ हा प्रकार माणसात सगळ्यात जुना आहे, ई३ नंतर आला, हजारो पिढ्या हा असाच हातातून हातात आलाय, तुझ्याकडनं आला असेल तर तुला आजीकडनं किंवा आजोबांकडनं आला असेल, आणि बाबांकडनं पण आला असू शकतो. कुणी दिला असं नसतं ते. ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "आईला आम्ही चळली म्हणायचो." एवढंच. मग थोड्या वेळानं म्हणाली की तिला स्वतःची टेस्ट करायची नाही, आणि मी पण तिच्यासमोर करू नये.

मी नाही करणार, निदान ती आहे तोवर तरी. दादाला तसं सांगितलंय, त्याला पटलं नाहीये पूर्ण, पण त्याच्या पोरांचा निर्णय ती मोठी झाल्यावर ती घेतील एवढं त्यानं मान्य केलंय.

बाकी जे आपल्या हातात आहे ते चालू केलंय. आईचं बीपी आता दर आठवड्याला वहीत लिहितो. टीव्हीचा आवाज ती वर्षभर वाढवत चाललीये आणि कमी ऐकू येणं हे सुद्धा डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या विसराळूपणाच्या आजारांच्या, टाळता येण्यासारख्या कारणांत धरतात, म्हणून शनिवारची कानाच्या टेस्टची अपॉइंटमेंट घेतलीये. ती म्हणतेय मला सगळं ऐकू येतं. मी तिला तीनदा सांगितलं की शनिवारी सकाळी अकराला, आणि तिनं कॅलेंडरवर त्या तारखेला पेननं गोल केलाय.